शिलाईच्या दुकानातला वाद

बाजाराच्या दिवशी चामोर्शीत आमच्या अब्बांच्या शिलाईच्या दुकानात गिऱ्हाइकांपेक्षा वादच जास्त चालायचा. वाद घालायला येणारा माणूस मात्र एकच. शेजारच्या गावात तलावातले मासे धरून विकणारे एक काका. मासोळी संपली की टोपली बाहेर ठेवून, साबणाने दोनदा हात धुऊन ते आत यायचे, कारण एकदा नव्या कापडाला वास लागला म्हणून अब्बा त्यांना बोलले होते. काकांना वाचता येत नव्हतं. मी मोठ्याने पेपर वाचायचे आणि दोन ओळी झाल्या की दोघं सुरू व्हायचे.

देशातल्या सगळ्या निवडणुका एकदमच घ्याव्यात, असं अब्बांचं मत. काका मान हलवायचे. "मास्टर, मतं मागाले येते तवाच तो माणूस आमच्या गावात दिसते. पाच वर्सांत एकदाच आला, तं मंग मी त्याले तलावाचं गाऱ्हाणं सांगू कवा?"

अब्बा हसायचे, पण हार मानायचे नाहीत.

एकदा मात्र वाद हसण्यावर संपला नाही. लोखंडाच्या खाणीचे ट्रक आमच्या रस्त्याने धावू लागले होते. शाळेत जाणारी पोरं धुळीत दिसेनाशी व्हायची. अब्बा त्याविरुद्धच्या मोर्चाला जाणार होते आणि काकांनीही यावं म्हणत होते. काका हळूच म्हणाले, "माहा पोरगा त्याच ट्रकवर लागला, मास्टर. घरात पहिल्यांदा कोणी पगार पाहून राह्यला."

"म्हणजे पगारासाठी तोंड बंद ठेवायचं?" अब्बा म्हणाले.

काका उठले, टोपली उचलली आणि गेले. पुढचे कित्येक बाजार ते दुकानात आलेच नाहीत. मी पेपर उघडला की अब्बा म्हणायचे, "राहू दे, आज काही खास नाही."

थंडीत अब्बांना लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. नागपूरच्या दवाखान्यातून घरी आणताना डॉक्टर म्हणाले, त्यांना बोलतं करत राहा. अम्मी आणि मी गोड बोलबोलून थकलो. अब्बा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. शेवटी मी काकांच्या गावी गेले. ते अंगणात जाळं दुरुस्त करत होते.

"अजिबात बोलत नाई?" त्यांनी विचारलं.

"नाही काका."

ते बराच वेळ जाळ्याची गाठ ओढत राहिले. "मी रागाच्या भरात निघून आलो," एवढंच म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी ते घरी आले आणि अब्बांच्या खाटेजवळ बसले. "मास्टर, त्या दिवशी तुमचंच बरोबर होतं," ते म्हणाले. अब्बांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण शब्द नाही. काकांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग बसल्या बसल्या त्यांचा सूर बदलला.

"तसं पाहाल, तं ट्रक चांगलेच. रस्ता अजून रुंद केला पाह्यजे. शाळा मधात येते तं पाडून टाका."

अब्बांनी मान वळवली. ओठ थरथरले.

"ना... ई."

"काऊन नाई? सांगा ना."

"आजारी माणसाला काऊन चिडवता, भाऊ?" अम्मी दारातून म्हणाली. पण अब्बांनी डाव्या हाताने तिला गप्प राहायची खूण केली. त्यांना उत्तर द्यायचं होतं.

त्यानंतर काका दर बाजाराला यायचे आणि काहीतरी उलटंच बोलून बसायचे. 'शाळा' म्हणायला अब्बांना दोन बाजार लागले, 'धूळ' म्हणायला त्याहून जास्त. उन्हाळा लागेपर्यंत ते अडखळत का होईना, पूर्ण वाक्य बोलू लागले, आणि ते वाक्य काकांना खोडून काढणारंच असायचं.

एकदा मी काकांना मोटारस्टँडपर्यंत सोडायला गेले. वाटेत विचारलं, "काका, तुम्हाला ते ट्रक खरंच चांगले वाटतात?"

"पोरगाच म्हणते, बाई, धूळ लय झाली. येत्या मोर्चात मीही येऊन राह्यलो," ते म्हणाले. "पण मास्टरले इतक्यात सांगू नको. बोलू दे त्यायले अजून."