उंदरांच्या माद्या आणि आमचे सर

आमच्या प्रयोगशाळेतून निष्कर्ष निघायला वर्षं लागतात, किस्से मात्र दर आठवड्याला निघतात! मैत्रिणी जमल्या की मला तेच सांगायला लावतात. त्या हसतात आणि माझं डोकं पुन्हा तापतं.

काम तसं सोपं आहे. उंदराच्या मेंदूखाली ज्वारीच्या दाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. मादीची अंडाशयं काढली की इस्ट्रोजेन संपतं, पिट्युटरीला आवर घालणारं कुणी उरत नाही आणि ती एलएच नावाचं हार्मोन भरमसाट सोडू लागते. बाहेरून इस्ट्रोजेन टोचलं की ते उतरतं. किती टोचल्यावर किती उतरतं, ही माझी पीएच.डी. परभणीत हे लोकांना समजावणं ही दुसरी पीएच.डी.!

*

मी आणि लॅबमधली माझी मैत्रीण शैला पांढऱ्या उंदरांचे पिंजरे गाडीतून आणत होतो. देवगाव फाट्यावर चहाला थांबलो, तर गाडीभोवती ही गर्दी!

"विकत आणलेत," असं शैला म्हणाली आणि एक काका खवळलेच.

"उंदरं विकत? आमच्या कोठीवर या की! फुकट न्या, वर जेवूबी घालतो!"

*

शेतकरी मेळाव्यात आमचं पोस्टर लागलं. 'सेक्स स्टेरॉइड्सचा पिट्युटरीवरील परिणाम'. उद्घाटनाच्या आधी एक साहेब आले, वाचून लालबुंद झाले आणि पहिल्या शब्दावर कोरा कागद चिकटवून गेले. म्हणे, "बायामाणसं येतात इथं!" मग मी कोण होते?

झालं! अख्ख्या मेळाव्यात गर्दी फक्त आमच्याच पोस्टरपुढे. शेवटी एका आजीनं कागद उचलला आणि शैलाकडून अर्थ समजून घेतला.

"म्हैस माजावर येती, त्याचंच हाय की हे! ह्याला काय झाकायचं?"

*

उंदरांना गोंगाट सोसत नाही. घाबरले की पिट्युटरी प्रोलॅक्टिन नावाचं दुसरंच हार्मोन सोडते आणि मोजणी बिघडते. नेमकी रक्त घ्यायच्या दिवशी खिडकीखाली वरात थांबली, डीजेसकट! मी तणतणत खाली गेले, हात जोडले, हार्मोन समजावलं. नवरदेवाच्या मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, त्यान्लाबी घेऊन या की खाली. नाचू द्या!"

आवाज तसूभरही कमी झाला नाही. त्या दिवसाचे नमुने मी अक्षरशः रडत फेकले.

*

आता ज्याचा मला अजून संताप येतो, ते सांगते.

माझ्या एका गटातल्या माद्यांची अंडाशयं काढली होती आणि इस्ट्रोजेन मुळीच द्यायचं नव्हतं. त्यांचं एलएच चढायला हवं. चढेचना! बाकी सगळी तुलना याच गटाशी, म्हणजे पीएच.डी. इथेच आडवी.

माझ्या गाइड सरांनी भरल्या लॅबमध्ये सुनावलं, "ऑपरेशनला हात लागतो! तू अंडाशयाचे तुकडे आतच ठेवलेस. शिवणकाम कर त्यापेक्षा."

सगळे खाली माना घालून बसले. शैलासुद्धा.

मी त्यातली एकेक मादी मारून, चिरून तपासली. अंडाशयाचा कणही नव्हता. गर्भाशयं मात्र इस्ट्रोजेन मिळाल्यासारखी टरारलेली! कुठून येत होतं? आठवडेच्या आठवडे डोकं फोडलं. शेवटी खाद्याचं पोतं हुंगलं. भांडारवाल्या साहेबांनी कुणालाही न विचारता खाद्य बदललं होतं. इथलंच, सोयाबीन ठासून भरलेलं. आणि सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेनसारखी वागणारी द्रव्यं असतात!

मी भांडारात जाऊन भांडले. साहेब म्हणाले, "आपल्या जिल्ह्याचा माल हाय, मॅडम. उंदरं कशी गुबगुबीत झाली, बघा तरी!"

त्या माद्या फुकट मेल्या. कुणालाच काही वाटलं नाही.

जुनं खाद्य आणून मी सगळं पहिल्यापासून केलं. एलएच चढलं. सोयाबीनचा परिणाम हा आमचा नवा शोध ठरला आणि परिषदेत तो मांडायला अर्थातच सर उभे राहिले. मी स्लाइड बदलायला.

बाहेरगावच्या एका प्राध्यापक बाईंनी नेमका प्रश्न विचारला, "अंडाशयाचा तुकडा आत राहिला नसेल कशावरून?"

सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. भरल्या सभागृहात, हसून म्हणाले, "शक्यच नाही! या मुलीच्या हातावर माझा पहिल्यापासून पूर्ण विश्वास!"