नळ कधी येणार, हे काकांनी सांगितलं नाही

गेल्या हिवाळ्यात एका बुधवारी, नळ कधी येणार हे काकूला सांगायला माझ्या काकांनी नकार दिला. रविवारी चुलत बहिणीला पाहायला अकोल्याचे पाहुणे येणार होते. घरातले दोन्ही ड्रम रिकामे होते.

काका चांदूर बाजारजवळच्या एका गावात पाणीपुरवठ्याचे पंप चालवतात. नळ तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतात, त्यालाही नेम नाही. वेळ काका कार्यालयाच्या फळ्यावर खडूने लिहीत. त्याआधी ती काकूला सांगत, काकू गल्लीला सांगे. फळा वाचायला फारसं कोणी जात नसे.

पंप आता संगणकावरून सुरू होतात. चीनसारख्या बाहेरच्या देशातून कोणी त्यात शिरून पाणी बंद करू नये, म्हणून सरकारी खर्चाने अकोल्यात तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. काका तिथून एक पिशवी, एक प्रमाणपत्र आणि नियमांचा कागद घेऊन आले. पहिल्या दिवशी त्यांनी पंपघराच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहिलेला पासवर्ड खरवडून काढला आणि नवा घातला. दुसऱ्या दिवशी फळा पुसला. माहिती बहुतेक वेळा ओळखीच्या माणसाकडूनच फुटते, असं प्रशिक्षकांनी सांगितलं होतं. काकांच्या ओळखीचं अख्खं गाव होतं.

मी पाहुण्यांच्या कार्यक्रमासाठी अमरावतीहून, वर्तमानपत्रातल्या नोकरीतून सुट्टी काढून आलो होतो. बुधवारचं बोलणं माझ्यासमोर झालं.

"मी काय चीनची होय?" काकूने विचारलं.

"मी चीनचा हाय, असं कोनीच सांगत नसते," काका म्हणाले.

काकूने मग त्यांच्या पायांवर लक्ष ठेवलं. व्हॉल्व्हच्या खड्ड्यात चिखल असतो, म्हणून पाणी सोडायच्या दिवशी काका बूट न घालता प्लास्टिकच्या चपला घालतात. गुरुवारी ते चपला घालून निघाले. गल्लीने भांडी मांडली. पाणी आलं नाही. शुक्रवारीही चपलाच होत्या. हल्लेखोर आपल्या सवयी हेरतात, म्हणून आता रोज चपलाच घालणार, असा खुलासा काकांनी केला. शेजारच्या भाजीवाल्या बाईने बाजारच्या मेथीवर शिंपडायच्या पाण्यासाठी मांडलेली बादली उचलून घरात नेली आणि काकांशी बोलणं बंद केलं.

शनिवारी दुपारी काका जेवत होते. काकूने भाकर वाढता वाढता सांगितलं, "पावन्यायचा फोन आल्ता. उद्या नाही जमत म्हनतेत. सोमवारी येतो म्हनतेत."

काकांचा हात थांबला. "सोमवारी कायचं पानी? नळ उद्या सकाळी सहाले हायेत. त्यायले उद्याच बलाव."

काकू बरं म्हणाली आणि ताटात आणखी एक भाकर वाढली. पाहुण्यांचा फोन आलेला नव्हता. काकांनी हात धुवेपर्यंत भाजीवालीची बादली पुन्हा नळाखाली होती.

माहिती फुटल्यास त्याच दिवशी लेखी कळवावं, असा नियम होता. काकांनी अर्ज भरला आणि भाषा तपासायला माझ्याकडे दिला. हल्ल्याचा प्रकार: खोटा निरोप. हल्लेखोर: पत्नी. सध्याचा ठावठिकाणा: स्वयंपाकघर. मी एकही शब्द बदलला नाही. काकूने अर्ज वाचून घेतला.

"भाकर वाढून राह्यली होती, तेबी लिवा," ती म्हणाली.

काकांनी तेही लिहिलं.

रविवारी नळ सहा वाजून दहा मिनिटांनी आले. दोन्ही ड्रम भरले. पाहुणे अकरा वाजता आले, हातपाय धुतले, पोहे खाल्ले आणि दोनदा प्यायला पाणी मागितलं.

सोमवारी अर्ज कार्यालयात पोचला. पासवर्ड गुप्त ठेवावा, नळाची वेळ नव्हे, असा शेरा साहेबांनी त्यावर मारला. दुपारी मी अमरावतीची गाडी धरायला निघालो, तेव्हा फळ्यावर पुढच्या नळांची वेळ लिहिलेली होती. अक्षर काकांचं होतं.