मास्तरांनी विचारलं होतं

चेन्नईच्या आमच्या फ्लाइंग क्लबात मास्तर नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी विमानाजवळ फिरकू देत नसत. ऑफिसातल्या फिरत्या खुर्चीत बसवून त्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधत आणि खुर्ची हळूहळू फिरवत. मग विचारत, "आता कुठल्या बाजूला फिरतोस?" पोरगा छातीठोकपणे "डावीकडे" म्हणे. रुमाल सोडावा, तर खुर्ची थांबलेली. "बघ! ढगात अंग असंच खोटं सांगतं. त्याचं ऐकलास, तर गेलास."

मास्तर तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. त्यांच्या मराठीला तमिळ हेल होता. मी नागपूरहून आलेला, क्लबात हवामानाची वही सांभाळणारा. दर तासाला गच्चीवर जाऊन ढग बघायचे, नोंद पेन्सिलीनं करायची आणि संध्याकाळी ती शाईनं पक्की करायची, एवढं माझं काम. उड्डाणाआधी मास्तर दारात येऊन विचारत, "राव, आकाश गच्चीत बघितलात, की वहीत?"

"माझ्यावर विश्वास नाही होय?"

"तुमच्यावर आहे की. तुमच्या गुडघ्यांवर नाही!"

दोन हजार सालानंतरच्या एका नोव्हेंबरातली गोष्ट. विमानाचा कल दाखवणारं यंत्र दुरुस्तीसाठी काढलेलं होतं. त्याच्याशिवाय ढगात वर-खाली काही कळत नाही. पण इंजिन तपासायचं होतं, म्हणून आकाश मोकळं असेल तर मास्तर एकटेच चेन्नईच्या दक्षिणेला किनाऱ्यावर असलेल्या कोवलम गावापर्यंत जाऊन येणार होते. माझा गुडघा सकाळपासून ठणकत होता. दहाच्या रकान्यात मी नवाचीच नोंद उतरवून ठेवली होती.

"गच्चीत ना, राव?"

"गच्चीत."

"नक्की? आज यंत्र नाही."

"नक्की हो, मास्तर. स्वच्छ आहे."

"सेरी, बरं तर," म्हणाले आणि गेले.

समुद्रावरून ढगांची फळी सरकत येत होती. गच्चीवर गेलो असतो, तर दिसली असती. कोवलमच्या कोळ्यांनी नंतर सांगितलं, की विमान ढगातून गिरक्या घेतच बाहेर पडलं आणि पाण्यावर आदळलं. मास्तर जागीच गेले.

बातमी आली तेव्हा मी पहिलं काम काय केलं? दहाची नोंद खोडरबरानं पुसली आणि तिथं ढग लिहिले. मग शाई फिरवली.

चौकशीत वही चोख ठरली आणि दोष मास्तरांवर गेला. वर्षानुवर्षं कँटीनमध्ये ऐकत आलो, "जगाला खुर्चीत फिरवलं, आणि स्वतः ढगात घुसले." मी चहा पीत राहिलो.

दहाव्याला त्यांच्या एग्मोरच्या घरी गेलो, तेव्हा वहिनींनी विचारलं, "राव, तुम्हाला विचारल्याविना गेले काय?" मी म्हणालो, "हो वहिनी. घाईत होते."

मागच्या महिन्यात परत त्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. पुढ्यातली कॉफी निवली, तरी वहिनी भिंतीवरच्या मास्तरांच्या फोटोकडेच बघत होत्या.

"दोनदा विचारले ते?"

"दोनदा."

"आणि मी इतकी वर्षं त्यांच्यावर रागावून बसले. फोटोला हारसुद्धा मुलगीच घालते. मी कधी घातला नाही."

मला त्यांची क्षमा मागायची होती. पण वहिनी उठल्या, देवघरातल्या परडीतली शेवंतीची फुलं घेतली आणि सुईत दोरा ओवायला लागल्या. डोळ्यांना दिसत नव्हतं. मी हात पुढे केला, तर म्हणाल्या, "नको. तुम्ही घरी जा, राव."