सहा ते सात, विषय थकवा

दर शनिवारी संध्याकाळी सहाला आमच्या कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर एक शब्द पडतो. त्या शब्दावर सातच्या आत फोटो काढून टाकायचा. आधी काढलेला चालत नाही. मग सगळे मतं देतात. बक्षीस काही नाही, जिंकेल त्याने पुढच्या शनिवारचा शब्द द्यायचा. एवढ्यासाठी मी किती महिने धडपडत होते. बाकीच्यांकडे बाल्कन्या, कुंड्या, भारी फोन. माझ्याकडे जोगेश्वरीतली एक खोली आणि समोरच्या बिल्डिंगची भिंत. पण आमच्या अख्ख्या घराण्यात पहिली ग्रॅज्युएट मी आहे, मागे राहायला मला आवडत नाही. एकदा तरी शब्द माझा असावा, बस.

त्या शनिवारी ऑफिसातून आले तर लिफ्ट बंद. चौथ्या मजल्यापर्यंत चढताना दोनदा थांबले, आणि तिथेच फोन वाजला. शब्द होता 'थकवा'. म्हटलं, हा तर घरचाच विषय.

दार लोटलं तर आई लादीवर झोपलेली. ती एका कंपनीत पॅकिंगला असते, दिवसभर उभी. हात उशाला, पायाच्या टाचा काळ्या पडलेल्या, तोंड थोडं उघडं. दारातूनच फोटो घेतला. जिंकणारा फोटो होता, मला लगेच कळलं.

आवाजाने ती उठली.

"काय काढलंस?"

"तुझा फोटो. स्पर्धेला."

"अशा अवतारात? काढून टाक आधी तो."

"अगं, विषयच थकवा आहे."

"मग मी काय करू? दमलेली बाई दाखवून नंबर काढतेस का? थांब जरा."

आमच्याकडे फोटोची एक रीत आहे. पाहुणा असो की बारशाचं बाळ, फोटो निघतो तो भिंतीवरच्या माझ्या पदवीच्या फोटोखालीच. काळा गाउन, हातात गुंडाळी, वर काच. तो दिसला नाही तर आईच्या लेखी फोटो निघालाच नाही. तिने तोंड धुतलं, वेणी घातली, विहारात वंदनेला नेसते ती पांढरी साडी काढली. निऱ्या पुन्हा पुन्हा मोडल्या. मी दाराला टेकून घड्याळ बघत होते. बोलायचं त्राण नव्हतं. शेवटी ती स्टूल ओढून भिंतीखाली बसली, गुडघ्यांवर हात, पाठ ताठ.

"हं. काढ आता."

काढला. सात वाजत आले होते. फोनमध्ये दोन फोटो. पहिला पाठवला असता तर तिला कधी कळलंही नसतं. ती निऱ्या सारखी करत माझ्याकडे बघत होती. मी पहिला पुसून टाकला आणि दुसरा पाठवला.

ग्रुपवर लगेच सुरू झालं.

"हा थकवा आहे? काकू तर कार्यक्रमाला निघाल्यात."

"यार, विषय वाच ना आधी."

"डिग्री दाखवायची हौस फिटली नाही वाटतं हिची."

थोड्या वेळाने मुलुंडच्या मैत्रिणीने लिहिलं, "काचेत बघा रे."

मी फोटो मोठा करून पाहिला. पदवीच्या फोटोवरच्या काचेत, गाउनच्या बरोबर छातीवर, दारातली मी उमटले होते. एक खांदा खाली गेलेला, मान वाकडी, डोळ्यांखाली सावल्या. मला वाटलं, ही बाई कोण.

तरी पहिला नंबर रिक्षाखाली झोपलेल्या कुत्र्याला गेला. माझा दुसरा.

"आला का नंबर?" आईने साडीची घडी घालत विचारलं.

"दुसरा."

"पहिला कोण?"

"कुत्रा."

"काय करत होता?"

"झोपला होता."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली. "दाखव बघू आपला."

तिने आधी स्वतःला पाहिलं, पदर ठीक आहे ना ते बघितलं. मग फोटोतल्या काचेवर बोट ठेवलं. साडी कपाटात ठेवली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"अजून बॅग खांद्यालाच आहे तुझ्या," ती म्हणाली, आणि स्वतःच ती उतरवून घेतली.