इथं झोपतं कोण?

म्हात्रे गुरुजी घरात आले की पाणी मागत नसत, उशी मागत. मतदार यादीचं काम अंगावर पडलेले बाकीचे मास्तर दारातूनच नावं उतरवून घेत आणि पुढच्या मजल्यावर पळत. गुरुजी चपला बाहेर काढून सरळ आत येत आणि विचारत, "इथं झोपतं कोण?" ज्याचं नाव सांगाल त्याची उशी पुढे करायची. गुरुजी तिच्यावर पंजा टेकवत, डोळे मिटत आणि मान हलली तरच नाव लिहीत. मेलेल्याचं नाव कापलं की घरच्यांना बजावत, "उशी उन्हात टाका. दोन्हीकडं जागा ठेवली तर मानूस कुठलाच ऱ्हात न्हाय." लोक त्यांना अर्धवट समजत. पण उशी मात्र मुकाट्यानं आणून देत.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते मे महिन्यात. मतदानाचं वय नुकतंच एकवीसवरून अठरावर आलं होतं आणि मी होते एकोणीसची. लालबागची खोली सोडून आम्ही भाईंदरच्या जेसल पार्कला राहायला आलो होतो. इमारत नवी, निम्म्या फ्लॅटना कुलपं, मागे मिठागरं. भर दुपारी जिना चढताना आपल्याच चपलांचा आवाज वरच्या मजल्यावरून येई. गुरुजी त्या कुलूपबंद दारांवरही टकटक करत आणि कान लावून थांबत. समोरच्या शांताबेन हसून म्हणाल्या, "मास्टरजी, उधर कोई नहीं रहता." गुरुजी शांतपणे म्हणाले, "रहता नहीं, ठीक है बेन. सोता कौन है?" शांताबेनचं हसू तिथंच विरलं. त्यानंतर त्या जिन्यातला दिवा दिवसाही चालू ठेवायला लागल्या.

माझं दुखणं निराळंच होतं. मी पुण्याला हॉस्टेलवर राहून बी.एस्सी. करत होते आणि शिक्षण सोडून द्यायच्या बेतात होते. रात्रभर झोपूनही सकाळी अंग ठणकायचं, वर्गात डुलक्या लागायच्या, मार्क घसरले होते. खोलीतली मैत्रीण सुनंदा म्हणायची, "अगं, पहाटे तू खाटेवर नसतेस. जातेस कुठे?" मी कुठेच जात नव्हते. आधी आम्ही दोघी हसलो, मग ती दुसरी खोली मागायला लागली. सुट्टीला घरी जायचं ते परत न येण्यासाठीच, असं मी ठरवून टाकलं होतं. आईला ते सांगायचं धाडस तेवढं होत नव्हतं.

मी घरी पोचले त्याच सकाळी गुरुजी आले. आईनं त्यांच्यापुढं गाऱ्हाणं मांडलं. "हॉस्टेलच्या बाई म्हणतात, नाव घरी घाल. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, तिकडे राहते ना, मग तिकडे घाल. पोरीनं मत द्यायचं तरी कुठं?"

"शिकनाऱ्या पोरांना दोन्ही वाटा मोकळ्या हायेत," गुरुजी म्हणाले. "आईबापाचा पत्ता चालतो, हॉस्टेलचापन चालतो. तिथला लावायचा तर तिथल्या बाईंचा दाखला घ्यायचा. पन नाव एकाच जागी. मानूस एक, उशी एक. हिची उशी आना."

मला हसू आलं. म्हटलं, "गुरुजी, मी आत्ता येतेय. दिवाळीपासून त्या उशीला माझं डोकं लागलेलं नाही."

गुरुजींनी पंजा टेकवला. एरवी ते हात लगेच उचलत, या वेळी उचलला नाही. बराच वेळ डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "पोरी, ही गरम हाय."

आई एकदम खालीच बसली. "मी रोज संध्याकाळी हिचं अंथरूण घालते," ती पुटपुटली. "उगीच आपलं, सवय म्हणून. सकाळी घडी करायला जाते तर उशी खोलगट झालेली असते. एकदा लांब, काळा केस सापडला. माझे तर केव्हाच पिकलेत." इतके दिवस तिनं हे बाबांनाही सांगितलं नव्हतं. मग मीही सुनंदाचं सांगितलं, शिक्षण सोडायचं मनात आहे तेही सांगितलं.

गुरुजी मात्र दचकले नाहीत. त्यांनी आधी माझं नाव लिहिलं, मग आईकडे वळले. "वैनी, पोर तिकडचीच होईल म्हनून तुम्ही जागा धरून बसलात. आता जागा मी धरली. नाव हितं लिवलंय, ते कुठं जात न्हाय. तुम्ही अंथरूण गुंडाळून ठेवा, पोरीला तिकडं हॉस्टेलात झोपू द्या." आणि मला म्हणाले, "तू मतं पडायच्या दिवशी मात्र यायचं. जागा राखलेली ऱ्हाते ती मानूस येतो म्हनून."

आईनं रडत रडत अंथरूण माळ्यावर टाकलं. मी पुण्याला परत गेले आणि पहिल्याच रात्री मेल्यासारखी झोपले. सुनंदानं खोली बदलायचा अर्ज मागे घेतला. निवडणुकीला मी आले, जवळच्या खारी गावातल्या शाळेत रांगेत उभी राहिले, बोटाला शाई लावून बाहेर पडले. फाटकापाशी गुरुजी उभे होते. "झोप लागते?" एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हटल्यावर ते लहान मुलासारखे हसले. माझी पदवी त्या माणसामुळे झाली, असं मी आजही मानते.

पुढं मी भाईंदरलाच शिक्षिका झाले आणि यादीचं काम माझ्याही गळ्यात पडलं. एका वर्षी मोरवा गाव वाट्याला आलं. गुरुजींचं घर तिथलंच. ते त्याच पावसाळ्यात वारले होते. त्यांच्या पत्नी, काकी, ओट्यावर बसल्या होत्या. मला बघून त्यांनी काही न विचारता आतून उशी आणली. "ते गेल्यापासून मी हिला हात लावला नव्हता. तूच बघ."

मी पंजा टेकवला. कुणी नुकतंच उठून गेलं असावं, तशी ती गरम होती. मला ते नाव कापायचं नव्हतं, अजिबात नव्हतं.

"गरम हाय ना?" काकींनी विचारलं.

"हाय," मी म्हणाले. त्यांचीच बोली माझ्या तोंडून आली.

मग मी नावावर रेघ मारली, कारण गुरुजींनी तेच केलं असतं. दोघींनी मिळून उशी ओट्याच्या कठड्यावर उन्हात ठेवली. काही वेळानं काकी उठल्या, उशीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"आता उनानं गरम हाय का त्यांच्यानं," त्या म्हणाल्या, "कसं कळायचं गो?"

ऊन उतरल्यावर कळलं असतं. मी ऊन उतरायच्या आत उठले.