पाठीमागची काठी

पन्नाशी उलटल्यावर मी गोल्फ शिकायला गेले आणि पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या सरांना सांगून टाकलं, "मला काठी धरायला शिकवू नका, ती मी लहानपणापासून फिरवतेय." खोटं नव्हतं. माझे वडील, आबा, पेठेतल्या तालमीत मर्दानी खेळाचे वस्ताद. लाठी आणि पट्टा मी त्यांच्याकडेच शिकले. मनगटात जोर आहे, पाय जमिनीला घट्ट आहेत. आणि गोल्फमध्ये असतं काय, तर पडलेला चेंडू मारायचा. तो पळत नाही, उलटून वार करत नाही. महिन्याभरात मैदान मारते, असं मी रोज दूध घ्यायला जाते त्या दूधकट्ट्यावर चार बायकांसमोर सांगूनही आले होते.

ग्रिप एका दिवसात जमली. उभं कसं राहायचं ते सरांनी बाकीच्यांना माझ्याकडे बघून शिकायला सांगितलं. गाडी अडली ती स्विंगपाशी. क्लब, म्हणजे गोल्फची काठी, मागे नेताना खांद्यांसकट अंग वळवायचं, इतकं की जिकडे चेंडू मारायचा तिकडे आपली पाठ झाली पाहिजे. मी नुसते हात उचलायची. चेंडू फूटभर फुदकायचा, नाहीतर मातीचं ढेकूळ उडायचं.

"मॅडम, वळा."

"वळले की."

"मान वळली. खांदे तिथेच आहेत."

सर माझ्याहून लहान, पण तोंडावर बोलणारा माणूस. म्हणाले, असंच चाललं तर खांदा दुखावेल, रविवारपर्यंत वळला नाहीत तर मोठ्या मैदानावर नेणार नाही. मी नुसती चरफडले. उभ्या जन्मात मला कुठल्या खेळातून कुणी काढलं नव्हतं.

घोडं कुठे पेंड खातंय ते मला पक्कं ठाऊक होतं. तालमीत आबा आमच्या मागे उभे राहायचे आणि अंग जरा वळून पाठ उघडी पडली की त्यांची काठी पाठीवर बसायची. मुलगी म्हणून सूट नाही. "वार आला तर कोन हाय तुझं तितं? पाठ दावायची न्हाय!" त्या शिकवणीचा मला अभिमानच आहे. तिच्याच जोरावर मी नोकरीत, संसारात कुणापुढे दबले नाही. पण आता डोक्याने किती समजावलं तरी पाठ ऐकायला तयार नव्हती.

शनिवारी हे आबांना सांगितलं. आबा आता ऐंशीच्या घरात. गेल्या वर्षी घरात पडल्यापासून काठी टेकल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत.

"पाठ फिरवून खेळायचं? ह्यो कसला खेळ? चल, बघतोच."

रविवारी माझ्याबरोबर रिक्षाने आले. सरांनी दाखवलेल्या जागी, माझ्या पाठीमागे जरा लांब, खुर्चीत बसले. मी चेंडूपुढे उभी राहिले आणि खांदे पार दगड झाले. मागे काठी घेऊन तेच बसलेले! पहिला चेंडू हललासुद्धा नाही. दुसरा घरंगळत शेजाऱ्याच्या पायाशी गेला. सरांनी नवा चेंडू पुढे ठेवला.

"थांब!" आबा ओरडले, तालमीत ओरडायचे तसेच. सराव करणाऱ्यांची अख्खी रांग थांबली. मग ते सरांना म्हणाले, "पावणं, तिची काय बी चूक न्हाय. ही सवय म्या लावलीया. मलाच काढाय पायजे."

ते उठले. मला वाटलं, आता येऊन खांद्यात काठी ढोसणार. तर ते कमरेत वाकले आणि काठी गवतावर आडवी ठेवली. सर धरायला धावले, त्यांना हातानेच मागे सारलं. पाय लटपटत होते, तरी मोकळ्या हातांनी उभे राहिले.

"आता मागनं कोन मारत न्हाय तुला," म्हणाले. "फीर."

माझे डोळे भरले. चेंडू नीट दिसत नव्हता, तरी नजर त्याच्यावर ठेवली आणि वळले. खांदे, पाठ, सगळं वळलं. चेंडू कुठे गेला ते मी पाहिलंच नाही. लोकांच्या टाळ्या ऐकल्या आणि क्लब तिथेच टाकून मागे पळाले, कारण आबा अजून तसेच उभे होते. मी काठी उचलायला वाकले.

"ऱ्हाऊ दे ती," ते म्हणाले. "जा, आनी एक मार. मी हाय हुबा."