मंडईले आलेला जवाई

हे आजवर कोणाच्या कानावर घातलं नाई. आमच्या ह्यांच्या नाई, माहेरच्या मायच्याबी नाई. तुम्ही आपलं माणूस म्हणून बोलते – अन् मधीच थांबली तं मले ढकलू नका, माझं मीच बोलीन.

माधुरी माझी नणंद. माझ्याहून लहान. नणंद-भावजयीचं कसं असते ते जगाले माहीत हाये, पण आमचं उलटंच. नवऱ्याचं घर सोडून ती आमच्याकडे आली त्याले वर्षाच्या वर झालं होतं, अन् गावातल्या बाया मले म्हणत, "बिचारी तू, किती दिवस पोसशील?" मी मुंडी हालवून घ्यायची. खरं सांगू? मले ती पाहिजे होती. आमचे हे धानाच्या मिलवर – सकाळी जाते, अंधारात येते, अन् बोलाचं म्हटलं तं तोंडाले कुलूप. ती आली अन् घरात हसू आलं. मोहफुलं वेचाले आम्ही दोघी संगंच जायचो, माझी पोरगी तिच्याच कुशीत निजायची. "वहिनी, तू जेवली का?" असं मले या घरात पहिल्यांदा तिनंच विचारलं.

मंग तिच्या नवऱ्यात काई खोट होती का? नाई हो. सुधाकर दारू पीत नसे, हात उचलत नसे. मोबाईल दुरुस्तीचं दुकान, सरळ माणूस. एक बाळ पोटातच गेलं, सासू येता-जाता टोचे, अन् हा मान खाली घालून बसे. माधुरीचं दुःख एवढंच – हा काऊन बोलत नाई? तेवढ्यावरून दोघं दोनीकडे.

गडचिरोलीच्या वकीलबाईनं सांगितलं, दोघांची मर्जी असन तं कोणाचा गुन्हा दाखवा लागत नाई. अर्ज झाला. कोर्टानं सहा महिने देल्ले, विचार कराले. तेवढ्यात दोघांपैकी एकानंबी म्हटलं की मले नाई मोडाचं, तं घटस्फोट होत नाई. मले नवलच वाटलं. रुसलेलं माणूस मनातून कोणी बोलवाचीच वाट पाहाते, हे कायद्यालेबी ठाऊक?

दिवाळी झाली अन् गावची मंडई आली. आमच्याकडे मंडई म्हणजे नुसती जत्रा नाई. त्या दिवशी कोणीबी कोणाच्या घरी यावं. बोलणं तुटलेलं असलं तरी यावं, जेवावं, अन् "काऊन आले" असं कोणी विचारू नये. रुसलेली बायको घरी न्याची तेबी मंडईलेच. नवरा पाहुणा म्हणून येते, अन् संध्याकाळी दोघं संगं निघते. माफी मागाचं कामच नाई पडत.

सकाळी माधुरीनं ठेवणीतली जांभळी साडी नेसली. "वहिनी, मंडईले तं सगळेच येतेत, ना?" एवढंच बोलली. बाईले बाईचं समजत नाई का? मी समजली. चांगली समजली.

ती माझ्या पोरीले घेऊन बांगड्या भराले गेली, अन् दुपारी सुधाकर आंगणात उभा. हातात शिंगाड्याची पिशवी. शिंगाडे म्हणजे माधुरीचा जीव.

"वहिनी, माधुरी हाये का? मी वकिलाले विचारलो. ती हो म्हणन, तं मी कोर्टात सांगतो – मले नाई सोडाचं तिले."

ज्याच्या न बोलण्यापायी घर मोडून राह्यलं होतं, तो बोलत होता. अन् मी मनात म्हटलं – ही गेली तं? मंग मी कोणासंगं बोलू?

मी त्याले पाणी देल्लं. अन् म्हटलं, "कायले आले, जवाई? ती तुमचं तोंड पाहाले राजी नाई. तुम्ही यासान म्हणूनच बाहेर गेली."

"असं म्हणली ती?"

"हो."

त्यानं गिलास खाली ठेवला, पिशवी ओट्यावर ठेवली अन् आल्या पावली गेला. मंडईच्या दिवशी आमच्या दारातून एक माणूस उपाशी गेला.

संध्याकाळी माधुरी कोपरापर्यंत बांगड्या भरून आली. "कोणी आलं होतं का?" मी म्हटलं, "कोण यीन?" चुलीवर शिंगाडे उकडत होते. शेजारणीनं देल्ले म्हणून सांगितलं. तिनं सोलून माझ्या पोरीले भरवले, मलेबी भरवले. "गोड हायेत, वहिनी," म्हणली. अन् मी खाल्ले.

कोर्टात साहेबांनी दोघांले विचारलं, मर्जीनं करता का, कोणाचा दबाव तं नाई? सुधाकर फरशीकडे पाहात होता, माधुरी त्याच्याकडे. दोघंबी हो म्हणले. साहेबांनी बराबरच विचारलं, हो. आता जमानाच तसा – लग्न म्हणजे दोघांचं, मोडाचं तं दोघांनी. पण मागच्या बाकड्यावर तिची पर्स मांडीवर घेऊन बसलेली मी? त्या लग्नात मीबी घुसली होती, हे कोणाले माहीत?

सुधाकरचं दुसरं लग्न झालं, पोरगा हाये. माधुरी आमच्याकडेच असते, शिलाई करते. मागच्या महिन्यात तिच्यासाठी सिरोंच्याकडून स्थळ आलं. मास्तर, बायको वारलेली, समजदार माणूस. तिनं नाई म्हटलं. दुपारी माझ्या डोक्याले तेल लावता लावता म्हणली, "वहिनी, तो मंडईलेबी आला नाई ना, तवाच मी समजली. माझ्यासाठी कोणी वाट तुडवत येत नसते. म्हणून तं कोर्टात हो म्हटलं. आता कुठी जाऊ? तू हायेस ना मले."

तवा सांगता आलं असतं. दोघीच होतो घरात. ती हळूहळू तेल जिरवत होती, अन् मी डोळे मिटून बसली होती. माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? बरं झालं – ही आता कुठी जात नाई.